म्हणींची साक्ष

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील म्हणी पूर्ण करा’ असा एक प्रश्न बहुधा असतो. विद्यार्थी रिकाम्या जागी म्हणीचा राहिलेला अर्धा भाग लिहितात, दोन-चार गुण मिळवितात आणि वर्षअखेर पाठ्यपुस्तकाबरोबर त्या म्हणीही फळीवर ठेवून देतात. घरी मात्र हीच म्हण निराळ्या रूपाने भेटते. मुलाने काही विचारले, काही मागितले किंवा कोठे चूक केली, की वडील माणसे एखादी म्हण उच्चारतात आणि बोलणे तेथेच संपते. शाळेत म्हण गुणांपुरती उरली आणि घरी ती तोंड बंद करण्यापुरती. दोन्ही ठिकाणी म्हणीवर अन्याय होतो असे आम्हांस वाटते. आणि घरच्या वापरात तर कधी कधी मुलावरही होतो. म्हणून म्हणींविषयी आमचे मत विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम म्हण म्हणजे काय, ते पाहू. म्हण कोणा एका ग्रंथकाराची नसते. कोणी एकाने कधी काळी आपला अनुभव चार शब्दांत सांगितला, ऐकणाऱ्यास तो आपलाच वाटला, त्याने तो दुसऱ्यास सांगितला, आणि असे होता होता सांगणाऱ्याचे नाव गळून पडले व शब्द तेवढे राहिले. हे शब्द बहुतेक विहिरीवर, शेतात, चुलीपाशी आणि बाजारात जुळलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक म्हणीच्या पाठीमागे एखादी वस्तू किंवा एखादे काम उभे असते. ती वस्तू डोळ्यांपुढे आली म्हणजे अर्थ सांगावा लागत नाही. आणि ती दृष्टिआड झाली म्हणजे कितीही अर्थ सांगितला तरी तो मनात ठसत नाही.

‘जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात’ ही म्हण घ्या. ज्या घरात पहाटे जात्यावर दळण होत असे, तेथील लहान मुलासही ही म्हण समजत असे. दळणारी बाई निवडलेले धान्य सुपात घेऊन बसे आणि त्यातून मूठ मूठ दाणे जात्याच्या तोंडात टाकी. जात्यात पडलेला दाणा भरडला जात असतो आणि सुपातला दाणा सुखरूप असतो. परंतु त्या दोघांत अंतर असते ते एका मुठीचे. दुसऱ्याचे संकट पाहून हसणाऱ्यास याहून थोड्या शब्दांत कोणी सावध केले असेल असे आम्हांस वाटत नाही. आज पीठ गिरणीतून किंवा दुकानातून येते. मुलांनी जाते पाहिले असलेच तर अडगळीत पडलेले पाहिले आहे. अशा मुलास ही म्हण केवळ पाठ करावयास सांगणे म्हणजे टरफल देऊन दाणा काढून घेण्यासारखे आहे.

तीच गोष्ट ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीची. चांद्र वर्ष हे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून आपल्या पंचांगात साधारणपणे दर ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना धरतात. १९ वर्षांत असे ७ महिने येतात. ज्याच्या कणगीत वर्षाचे धान्य मोजून ठेवलेले आहे आणि तेही अवर्षणामुळे अपुरे आहे, त्याला त्या वर्षी बारा महिन्यांच्या धान्यावर तेरा महिने काढावयाचे असतात. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत पडलेल्या भयंकर दुष्काळाचे किंवा १९७२ साली महाराष्ट्रात पडलेल्या दुष्काळाचे वर्णन ज्यांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले असेल, त्यांना या चार शब्दांतील धास्ती कळेल. एका म्हणीत पंचांगाचे गणितही आहे आणि उपाशी घराचा हिशेबही आहे.

अशा या ठेव्याकडे विद्वानांचे लक्ष पूर्वीच गेले होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती झाली. त्यात शब्दांचे अर्थ देताना ठिकठिकाणी म्हणी दिलेल्या आहेत. १८९९ साली ऑक्सफर्ड येथे रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी जमविलेला मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह छापला गेला. पुढे यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध केला. अशा संग्रहांतून कोणीही तासभर पाने चाळली तर एक गोष्ट त्याच्या ध्यानात आल्याशिवाय राहणार नाही. ती ही की, म्हणी एकमेकींशी भांडतात.

एक म्हण सांगते, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. दुसरी सांगते, ‘रडल्याशिवाय आईही पाजत नाही’. मग माणसाने आपली अडचण झाकून ठेवावी की बोलून दाखवावी? ‘शुभस्य शीघ्रम्’ असे म्हणून एक घाई करावयास सांगतो. दुसरा ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ असे म्हणून त्याच घाईस हसतो. ‘गाव करील ते राव काय करील’ या म्हणीत अनेकांच्या एकजुटीचा गौरव आहे. तर ‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती’ या म्हणीत अनेकांच्या भागीदारीची थट्टा आहे.

बारभाई हा शब्द आपल्या इतिहासातही आला आहे. १७७३ साली पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सखारामबापू बोकील, नाना फडणीस आदी कारभारी एकत्र आले. त्यांनी रघुनाथरावांस बाजूस सारले आणि १७७४ साली जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालविले. यासच बारभाईंचे कारस्थान म्हणतात. एका रावाला जे साधले नसते ते अनेकांनी मिळून केले, म्हणून पहिली म्हण येथे खरी ठरते. परंतु पुढे सखारामबापू व नाना यांचे बिनसले आणि बापूंस कैदेत दिवस काढावे लागले. तेव्हा दुसरी म्हणही खोटी ठरली नाही. एकाच मसलतीच्या आरंभी एक म्हण लागू पडते आणि शेवटी दुसरी.

हा विरोध केवळ मराठीतच आहे असे नाही. पवित्र शास्त्रातील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात मूर्खाला त्याच्या मूर्खपणास अनुसरून उत्तर देऊ नये असे एक वचन आहे, आणि त्याला लागूनच, तसे उत्तर द्यावे असे दुसरे आहे. ज्यांनी ही वचने शेजारी शेजारी ठेविली त्यांना त्यांतील विरोध दिसला नसेल असे कोण म्हणेल? कधी गप्प बसावे आणि कधी बोलावे, हे वाचणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवावयाचे आहे.

प्रसंगाप्रमाणेच स्थळाचेही आहे. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ असे आमचे शेतकरी म्हणतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सूर्य स्वाती नक्षत्रात येतो. त्या वेळी सोलापुराकडच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी उगवून वर आलेली असते. मागाहून पाऊस बहुधा नसतो, म्हणून त्या दिवसांतली एक चांगली सर पिकाला पुढे पुरते आणि कणसात मोत्यासारखा दाणा भरतो. परंतु त्याच दिवसांत कोकणात भात पिकून कापणीला आलेले असते, कोठे कोठे कापून शेतातच पसरलेले असते. तेथे स्वातीची सर आली तर मोती पिकत नाहीत. हातातोंडाशी आलेले भात भिजते व दाण्याला कोंब फुटतात. तेव्हा ही म्हण खोटी म्हणावी काय? मुळीच नाही. ती देशावरची आहे, आणि तेथे ती खरी आहे. कोकणच्या शेतकऱ्याने तिच्यावर विसंबून राहावे असे मात्र तिने कधी सांगितलेले नाही.

यावरून आमचे पहिले म्हणणे असे आहे की, म्हण ही साक्षीदारासारखी आहे. अमुक ठिकाणी, अमुक प्रसंगी, मी असे पाहिले, एवढेच ती सांगते. साक्षीदार प्रामाणिक असला तरी निकाल त्याने द्यावयाचा नसतो. आणि एकाच साक्षीदाराचे ऐकून निकाल देणारा न्यायाधीश शहाणा म्हणविला जात नाही. एक म्हण आठवली म्हणजे तिच्या उलट सांगणारी दुसरीही आठवून पाहावी आणि मग आपल्यापुढच्या प्रसंगास कोणती लागू पडते ते ठरवावे. पूर्वजांचे शहाणपण हेच की, त्यांनी आपल्याकरिता दोन्ही बाजूंचे साक्षीदार जपून ठेविले.

आता आम्ही अधिक नाजूक भागाकडे वळतो. सर्व म्हणी एकाच जातीच्या नाहीत. काही म्हणी माणसाच्या करणीविषयी बोलतात, तर काही त्याच्या जन्माविषयी. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’, ‘थेंबे थेंबे तळे साचे’, ‘नाचता येईना अंगण वाकडे’, ‘काखेत कळसा गावाला वळसा’ या सर्व करणीविषयीच्या म्हणी आहेत. यांपैकी एखादी आपल्यास लागू पडली तर क्षणभर लाज वाटते. परंतु उद्यापासून तसे न करणे आपल्या हातात असते. ज्याने अंगणाला दोष दिला त्याला नाच शिकता येतो. अशी म्हण टोचते, पण पुढची वाट मोकळी ठेविते.

‘खाण तशी माती’ या म्हणीचे तसे नाही. मुलगा गणितात मागे पडला, की ‘खाण तशी माती’. बापाला व्यसन असेल आणि मुलाच्या हातून एखादी आगळीक घडली, की पुन्हा तेच. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण कौतुकाने उच्चारली तर गोड लागते. परंतु हिणवून उच्चारली, तर दहा वर्षांच्या मुलाला ती सांगते की तुझ्या आयुष्याचा निकाल तू पाळण्यात असतानाच लागला आहे, आता धडपड करण्यात अर्थ नाही. जी चूक मुलगा उद्या सुधारू शकला असता, ती त्याचा स्वभाव ठरते. आणि जो स्वभाव वयाबरोबर पालटला असता, तो त्याचे कुळ ठरतो. मुलींच्या वाट्याला तर ‘मुलगी म्हणजे परक्याचे धन’ हे वाक्य पिढ्यानपिढ्या आले. जे धन परक्याचे, त्यावर खर्च कशाला करावा, असा त्याचा व्यवहारी अर्थ झाला आणि त्या अर्थापायी कित्येक बुद्धिमान मुलींची पाटी-पेन्सिल सुटली. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली, तेव्हा त्यांना लोकांच्या विरोधाबरोबर त्या विरोधाच्या मागे उभ्या असलेल्या अशा समजुतींशीही झगडावे लागले.

याहूनही वाईट म्हणी आहेत. निरनिराळ्या जातींची व धंद्यांची नावे घेऊन, अमुक जातीचा माणूस असाच असावयाचा, असे सांगणाऱ्या म्हणी जुन्या संग्रहांतून पुष्कळ आढळतात. त्या येथे उतरून काढण्याची आमची इच्छा नाही. आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु कायद्याने जे दार उघडले ते घरात बसून बोललेल्या एका म्हणीने मुलाच्या मनात पुन्हा लोटले जाऊ शकते. शेजारच्या बाकावरच्या मुलाशी आपल्या मुलाने कसे वागावे, हे तो आपल्या उपदेशापेक्षा आपल्या सहज बोलण्यावरून अधिक शिकतो.

येथे कोणी म्हणेल, “म्हणी या थट्टेच्या गोष्टी, वडील माणसे त्या प्रेमाने बोलतात, त्यांचा एवढा बाऊ कशाला?” हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पुष्कळदा म्हणीमुळे रागाचा कडवटपणा कमी होतो आणि ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा’ असे कोणी म्हटले म्हणजे भांडणारे दोघेही हसतात. परंतु थट्टा ती, जिच्यात दोन्ही बाजूंना हसू येते. ज्याच्याविषयी बोलले गेले तो खाली मान घालून उठून गेला, तर ती थट्टा नव्हती, हे बोलणाऱ्याने समजावे. दुसरा कोणी म्हणेल, “मुले आईबापांसारखी होतात हे काय खोटे आहे?” खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. त्याचा दुसरा अर्धा भागही आमच्या शेतकऱ्यांनीच सांगून ठेविला आहे : ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’. रंग जन्माचा, गुण संगतीचा. ही म्हण बहुधा वाईट संगतीविषयी वापरतात, परंतु चांगल्या संगतीसही ती तितकीच लागू आहे. ‘खाण तशी माती’ हेच जर सर्व सत्य असते, तर शाळा काढण्याचे, शिक्षक नेमण्याचे आणि पालकांनी पोटास चिमटा घेऊन फी भरण्याचे कारणच उरले नसते.

मग वाईट म्हणी पुस्तकांतून काढून टाकाव्यात काय? आमचे मत तसे नाही. कोशात त्या राहाव्यात, कारण आपला समाज एके काळी काय बोलत होता याची ती साक्ष आहे. आणि साक्ष नाहीशी केल्याने घडलेली गोष्ट नाहीशी होत नाही. मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी त्या वाचाव्यात आणि त्यांच्यामुळे कोणाचे काय नुकसान झाले असेल याचा विचार करावा. जिभेवर मात्र त्या नसाव्यात.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचे तीन गोष्टींविषयी सांगणे आहे. एखादी म्हण पुस्तकात भेटली म्हणजे तिच्यातली वस्तू शोधून काढा. सूप, जाते, पोहरा, बाशिंग, कळसा यांपैकी जे पाहिले नसेल ते घरातल्या वडील माणसांस विचारा. त्यानंतर तिच्या उलट बोलणारी म्हण शोधा. ती सापडली म्हणजे पहिलीचाही अर्थ अधिक नीट कळेल. आणि तिसरी गोष्ट ही की, म्हण दुसऱ्यावर फेकण्यापूर्वी ती स्वतःस लावून पाहा. ‘आपण हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला’ ही म्हण फारशी सभ्य नाही हे खरे. परंतु म्हणी वापरणाऱ्या प्रत्येकाने ती आधी पाठ करावी अशी आहे.

पालकांस आमची विनंती आहे की, त्यांनी मुलांशी म्हणी बोलणे सोडू नये. उलट अधिक बोलाव्यात. जी भाषा मुलांना आजी-आजोबांच्या तोंडून मिळते ती कोणत्याही वर्गात मिळत नाही. परंतु मुलाने प्रश्न विचारला असता ‘लहान तोंडी मोठा घास’ किंवा ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ असे म्हणून त्यास गप्प बसवू नये. बोलण्याचा आरंभ म्हणीने अवश्य करावा. शेवट मात्र मुलाच्या प्रश्नाच्या उत्तराने व्हावा. आणि मुलाच्या हातून चूक झाली असता त्याच्या करणीविषयीची म्हण वापरावी, त्याच्या कुळाविषयीची नव्हे.

सुटी जवळ येत आहे. पुष्कळ विद्यार्थी आपापल्या गावी जातील. कोणी मालवणी बोलणाऱ्या घरात राहील, कोणी वऱ्हाडी, कोणी अहिराणी. तेथे कानावर पडलेल्या म्हणी प्रत्येकाने एका वहीत लिहून आणाव्यात. म्हणीबरोबर गावाचे नाव, ती कोणत्या कामावरून निघाली आणि ती ऐकली तेव्हा काय प्रसंग होता, हेही लिहावे. अशा वह्या जमल्या तर पुढील वर्षीच्या अंकात त्यांतील निवडक म्हणी छापता येतील. ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही, तिचे शहाणपण तिच्या नातवाच्या अक्षरात आमच्या हाती आले, तर आम्हांस फार आनंद होईल.